प्रकृतिस्वास्थ्यासाठी महाड-पोलादपूर

महाराष्ट्रातला प्रत्येक बार दारूबंदीच्या कायद्याखाली चालतो. थट्टा नाही, खरोखर. १९४९ साली मुंबईच्या सरकारने दारूबंदीचा अधिनियम केला. पुढे त्यात दुरुस्त्या बऱ्याच झाल्या, नावातल्या मुंबईच्या जागी महाराष्ट्र आला, पण कायदा तोच. त्यामुळे कागदोपत्री आपल्याकडे कोणी हौसेने पीत नाही. प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी ज्याला घ्यावीच लागते, त्याला सरकार परवाना देतं. विदेशी मद्याचा एका दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात, जन्मभराचा हजारात. देशी घेणाऱ्याची एक दिवसाची प्रकृती दोन रुपयांत सांभाळली जाते. जन्मभराचा परवाना काढणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरायची, म्हणजे स्वतःच्या यकृतावर केवढा विश्वास!

तर हे परवानाधारक रुग्ण जिथे बसतात ती परमिट रूम. शहरातल्या माणसाला वाटतं, तिथे लोक प्यायला जातात. महाड-पोलादपूरकडे एक शनिवार-रविवार काढून आल्यापासून माझं मत ठाम झालंय की तो धंदा जेवणाचा आहे. कोंबडी शिजेपर्यंत माणसाने करायचं काय, एवढ्यापुरतीच दारू ठेवलेली असते.

महाडला आमची ताई असते. भाऊजी एमआयडीसीत केमिस्ट आहेत, त्यामुळे द्रवपदार्थांच्या बाबतीत घराण्यात त्यांचा शब्द शेवटचा. महाडला रेल्वे नाही. कोकण रेल्वे तुम्हाला वीरला उतरवते आणि पुढे तुमचं तुम्ही बघा म्हणते. आषाढातला शनिवार, पाऊस आडवा-उभा जमेल तसा पडत होता. भाऊजी स्टेशनवर छत्री घेऊन आले होते. एकच, आणि तीही त्यांच्याच डोक्यावर.

"मेहुणे, आज रात्री बाहेरच जेवू," ते गाडीत बसता बसता म्हणाले. "ताईला सांगितलंय, रायगडावर कधी जायचं त्याची चर्चा करायचीय."

रायगड महाडहून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. ही चर्चा आमच्यात ताईच्या लग्नापासून चालू आहे.

"पण आज शनिवार," मी म्हणालो.

इथे मराठी माणसाच्या आठवड्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. शनिवार-रविवारची सुट्टी ही बाहेरून आलेली गोष्ट आहे. आपला आठवडा देवांनी आधीच वाटून घेतलेला आहे. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवार ज्याच्या त्याच्या घरातल्या देवीवर अवलंबून. बुधवार आणि रविवार तेवढे मोकळे. त्यात संकष्टी आली, एकादशी आली, आणि आषाढ संपला की अख्खा श्रावण. म्हणून तर आषाढी अमावास्येपर्यंतचे हे दिवस कोकणातल्या परमिट रूमला सुगीचे. ज्या रात्री घरोघर दिव्यांची पूजा होते त्याच रात्री गटारीही साजरी होते, आणि दोन्हीकडे माणूस तोच असतो.

"शनिवारी मी खात नाही," भाऊजी शांतपणे म्हणाले. "पिण्याबद्दल मारुतीने काही म्हटलेलं नाही."

महाडातल्या त्या परमिट रूमला तीन दालनं होती. पुढे साधं, आत एसी, आणि एका बाजूला पडदा लावलेली फॅमिली रूम. एसी दालनात एसी बंद होता, पण दर चालू होता. आम्ही साध्यात बसलो. बसल्या बसल्या लक्षात आलं की शनिवारचे भाऊजी एकटे नाहीत. शेजारच्या टेबलावर कारखान्यातली पाळी संपवून आलेले चौघे, समोर हाफ, आणि खायला पनीर चिली, फिंगर चिप्स, मसाला पापड. त्यातल्या एकाने चुकून अंडा भुर्जी मागवली तर बाकीच्या तिघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ती वेटरला परत न्यायला लावली. व्रत मोडायचं नाही म्हणजे नाही. वेटर निमूटपणे भुर्जी घेऊन गेला आणि आतल्या नास्तिकाला देऊन आला.

हा वेटर मूळचा पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीचा. मुंबईत हॉटेलात होता, लॉकडाउनमध्ये गावी आला तो राहिलाच. टेबलावर ग्लास मांडत त्याने विचारलं, "पाणी बाटली की साधं?"

जगातल्या कुठल्याही गावात हा साधा प्रश्न आहे. महाडात नाही. मुंबईच्या कायदे मंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपलं चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठरावही केला. ठराव कागदावर राहिला, तळ्याकडे जायची कोणाची छाती नव्हती. मग २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यावर दंगा झाला, तळ्याचं शुद्धीकरण झालं, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ चा मार्च उजाडला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं. या गावात आजवर जे काही प्यायलं गेलं त्यात सर्वांत मोठी गोष्ट पाणी आहे, आणि पुढेही तीच राहणार. दुपारी आम्ही तळ्यावर जाऊन आलो होतो. पावसात भिजत, चपला हातात घेऊन एक म्हातारं जोडपं पायऱ्यांवर उभं होतं, नांदेडहून आलेलं. त्यांच्याशी बोलल्यावर बाटलीबंद पाणी मागवणं मला बरं वाटेना.

"साधंच आणा," भाऊजी म्हणाले. त्यांनाही तेच वाटलं असावं. किंवा बाटलीचे वीस रुपये आठवले असावेत. केमिस्ट माणसाचा चेहरा वाचता येत नाही.

पाण्याचं दुसरं प्रकरण भिंतीवर होतं. काउंटरच्या वर, गणपतीच्या फोटोच्याही वर, एक आडवी रेघ आणि तिच्यापुढे २२-७-२१. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला. तिथला सगळा पाऊस घेऊन ती पोलादपूरवरून महाडला येते, वाटेत काळ आणि गांधारी तिला मिळतात, आणि पुढे बाणकोटच्या खाडीत भरती असेल तर समुद्र पाणी घ्यायला नकार देतो. मग ते पाणी महाडातच मुक्काम करतं. २०२१ च्या जुलैत ते दुकानांच्या छपरापर्यंत चढलं. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या विषयावर गावात अजून कोणी चेष्टा करत नाही, मीही करणार नाही. वेटरने मात्र स्वतःहून एवढं सांगितलं की पाणी ओसरल्यावर चिखलातून बाटल्या निघाल्या त्या सीलबंद होत्या, तरी एकही विकली नाही. "लेबलं गेलेली सायेब. कशात काय हाय त्याचा भरवसा काय?"

"लॅबमध्ये आणायच्या की!" भाऊजींच्या तोंडून फार वर्षांची हळहळ बाहेर पडली.

तेवढ्यात फॅमिली रूमचा पडदा सरला आणि एक नऊवारीतल्या आजी बाहेर आल्या. रायगड करून परतणारं पुण्याचं कुटुंब आत जेवत होतं. आजींनी आमच्या टेबलावरून, शेजारच्या चौघांवरून आणि काउंटरमागच्या बाटल्यांवरून सावकाश नजर फिरवली आणि वेटरला विचारलं, "बाळा, इथे चहा मिळेल का?"

अख्खी परमिट रूम स्तब्ध झाली. चहा मेनूत नव्हता. पण मालक स्वतः उठला, आत गेला, आणि आलं घातलेला चहा घेऊन बाहेर आला. आजींनी बशीत ओतून तिथेच उभ्याने घेतला, "छान झालाय" म्हणाल्या आणि पुन्हा पडद्याआड गेल्या. शेजारच्या चौघांपैकी एकाने लगेच "आम्हाला पण चार चहा" अशी ऑर्डर दिली. पुढचा अर्धा तास हाफ तसाच पडून होता.

या प्रसंगात मला एक गोष्ट कळली ती मी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवली: इथे चांगलं ते मेनूच्या बाहेर असतं.

रविवारी आम्ही पोलादपूरला निघालो. महाड ते पोलादपूर अंतर वीसेक किलोमीटर. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, आणि जी मुलं तेव्हा पहिलीत होती ती आता परमिट काढायच्या वयाला आलीत. याच रस्त्यावर महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे मनात आणलं तर जमतं, हे सरकारने एकदा दाखवून दिलंय. पुन्हा पुन्हा दाखवायची त्याची इच्छा नसावी.

महामार्ग आणि बार यांचं नातंही इतकंच खडतर. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही. पुढे वीस हजारांपर्यंत वस्ती असलेल्या गावात हे अंतर २२० मीटर केलं. लहान गावातली माणसं निम्म्याहून कमी अंतरात शुद्धीवर येतात, असं काही निरीक्षण असावं. अंमलबजावणीची तारीख होती १ एप्रिल. सकाळी पाट्यांवर कागद चिकटवले गेले, बारची हॉटेलं झाली, काही ठिकाणी तर खरोखर भाजी-पोळी मिळू लागली. केरळात परावूरच्या एका बारवाल्याने दार होतं तिथेच ठेवलं आणि त्याच्यापुढे नागमोडी बोळ बांधून अंतर वाढवलं. त्याचं मला कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी की आत जाणारा सरळ जात असे आणि बाहेर येणाऱ्याला त्या वळणांचा त्रास जाणवत नसे. पुढे जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की नगरपालिकेच्या हद्दीतल्या परवानाधारकांना हा हुकूम नाही. कागद निघाले, भाजी-पोळी गेली.

पोलादपूरला आधी कवींद्र परमानंदांच्या समाधीला नमस्कार केला. शिवरायांच्या चरित्रावर संस्कृत काव्य रचणाऱ्या या माणसाला भेटायला त्या पावसात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ तिथून जवळच. पण तिकडे जाताना भाऊजींनी गाडीचा वेग वाढवला तेव्हा मी ओळखलं की मनात इतिहास नसून दुपारचा दीड आहे. उमरठहून परत फिरलो ते थेट पोलादपुरातल्या परमिट रूमच्या दारात.

पोलादपूर हा तिठा आहे. एक वाट कशेडीकडे, जिथे भोगावजवळ आता दोन किलोमीटरचा बोगदा झालाय आणि घाट बिचारा रिकामा पडलाय. दुसरी वाट आंबेनळी घाटाने प्रतापगड-महाबळेश्वरला. त्यामुळे इथल्या गिऱ्हाइकांचे दोन प्रकार: घाट चढणारे आणि घाट उतरून आलेले. चढणारे गप्पा मारत खातात. उतरून आलेले काही वेळ टेबलाला धरून बसतात. इथला वेटर, पन्नाशीतला, चष्मा दोरीला बांधलेला, ऑर्डर घ्यायच्या आधी हेच विचारत होता: "घाट चढायचाय का उतरून आलाव?"

"यापैकी काहीच नाही. महाडहून आलोय, महाडला जाणार."

"गाडी कोण चालवतोय?"

भाऊजींनी हात वर केला. "मग तुमाला सोलकढी," तो म्हणाला आणि लिहूनही घेतलं.

"अहो पण आज रविवार आहे!" भाऊजींचा आवाज चिरकला. आठवड्यातला त्यांचा मोकळा वार, वर आषाढ.

"रविवार हाय म्हणूनच. रस्त्याला समदेच मोकळं असत्यात."

या उत्तरावर केमिस्टकडे प्रत्युत्तर नव्हतं. मला त्याने एक बियर मंजूर केली, तीही वय विचारून. कायद्याने बियर एकविसाव्या वर्षी मिळते, बाकीचं पंचविसाव्या. पुरुषाला लग्न एकविसाव्या वर्षी करता येतं, हे लक्षात घेतलं तर मधली चार वर्षं बियरवर काढायची आहेत. माझे केस पाहून त्याने माफी मागितली. नुसती जीभ हालवून लोकांची प्रकृती सांभाळणारा हा माणूस. प्रकृतिस्वास्थ्याचे परवाने खरं तर याच्याच सहीने निघायला हवेत.

मेनू आला. लॅमिनेट केलेला, आठ पानी. चायनीज, पंजाबी, तंदूर, मालवणी, कोल्हापुरी, हैदराबादी. पोलादपूरच्या मेनूत पोलादपूर सोडून सगळा देश होता. मग मी शनिवारची राखून ठेवलेली अक्कल बाहेर काढली आणि विचारलं, "यात नसलेलं काय आहे?"

चष्मा नाकावर आला. त्याने मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "गिऱ्हाइकासाठी नाय. आमच्या जेवणात हाय."

"काय आहे?"

"टाकळ्याची भाजी. सुकट. खेकड्यांचा रस्सा, सकाळीच वहाळात पोरांना घावले. तांदळाची भाकरी."

भाऊजींनी सोलकढीचा ग्लास खाली ठेवला.

"आणि कोंबडी?"

"गावठी पाहिजे तर दीड तास. पळतीय अजून."

आम्ही थांबलो. हाच तो क्षण, ज्यासाठी परमिट रूममध्ये दारू असते. घाटातून उतरलेल्या एका बसमधली मंडळी आली, टेबलाला धरून बसली, हक्का नूडल्स खाऊन गेली. एक साखरपुड्याची बोलणी करायला आलेलं कुटुंब फॅमिली रूममध्ये शिरलं आणि तासाभराने पेढे वाटत बाहेर आलं, आम्हालाही मिळाले. कोपऱ्यातल्या टेबलावर मुंबईला नोकरी करणारे दोन भाऊ वडिलांना घेऊन आले होते. वडिलांसमोर कोणी काही मागवत नव्हतं. मुलांनी तीन थम्स अप सांगितले. मग वडील हात धुवायला म्हणून उठले, ते काउंटरवर थांबले आणि नळाकडे पाठ करून, पावसाकडे बघत, एक नाइंटी एका दमात संपवून परत आले. ते बसल्यावर थोरला मुलगा हात धुवायला गेला. मग धाकटा. परत येताना तिघेही मिशा पुसत होते, आणि तिघांच्या थम्स अपला कोणी हात लावला नव्हता. घराण्याची मर्यादा पाळायला माणसाला किती चालावं लागतं! तिघांना तीन ग्लास समोरासमोर मांडून दिले असते तर सगळे दहा मिनिटांत मोकळे झाले असते, पण मग त्या जेवणात राम उरला नसता.

दीड तासाने कोंबडी आली. तिच्याबरोबर वडे, आणि न सांगता टाकळ्याची भाजी नि सुकट. खेकडे एका वाटीत दोघांत मिळून. वाटी लहान होती याबद्दल वेटर दिलगीर होता, कारण ती त्याच्याच वाटणीतली होती. तिखट असं की भाऊजींना सोलकढीचं महत्त्व आपोआप पटलं; तीन ग्लास झाले. बियर माझ्यापुढे गरम होऊन गेली. कोणी घ्यायला नव्हतं, मलाही आठवण नव्हती. बिलात कोंबडी, वडे, सोलकढी आणि बियर होती. टाकळा, सुकट, खेकडे नव्हते. "ते मेनूत नायत, लावू कसे?" असं म्हणून त्याने पेन खिशात घातलं. टिप घेताना मात्र मोजून घेतली.

रात्री ताईने विचारलं, "मग, रायगडाचं काय ठरलं?"

"दिवाळीनंतर," भाऊजी म्हणाले. "पोलादपूरमार्गे." रायगड पोलादपूरच्या उलट्या दिशेला आहे. ताई महाडची आहे, तिला हे माहीत आहे. तिने फक्त माझ्या हातातला पेढा काढून घेतला.

वाचकांपैकी कोणाला जायचं असेल तर माझा निकाल असा: चहासाठी महाड, कोंबडीसाठी पोलादपूर. कोंबडी घाट चढण्याआधी सांगून ठेवा, म्हणजे उतरून येईपर्यंत होते. आषाढी एकादशी आणि २ ऑक्टोबर टाळा, त्या दिवशी परमिट रूमला कुलूप असतं. श्रावणात गेलात तर दारू मिळेल, पण स्वयंपाकघरात पनीरशिवाय काही नसतं, आणि पनीर चिली खायला पोलादपूरपर्यंत जाण्यात अर्थ नाही. गाडी चालवणाऱ्याने सोलकढीच घ्यावी. न मागता मिळते.